बसची मार्गिका चौकात अडते

पुण्यात डिसेंबर २००६मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणारी जलद बससेवा, सुरू झाली. तेव्हापासून वाद एकाच गोष्टीवर होतो: बसला वेगळी मार्गिका दिली की मोटारींचा रस्ता आक्रसतो. माझ्या मते या प्रश्नाचा निकाल सरळ रस्त्यावर लागतच नाही. तो चौकात लागतो.

आधी मार्गिका रस्त्याच्या मध्यभागी का, ते पाहू. डाव्या कडेला रिक्षा थांबतात, टेम्पो माल उतरवतात, गल्ल्यांमधून गाड्या बाहेर येतात. तिथे नुसता रंगाचा पट्टा मारून बसला वाट मिळत नाही. दुभाजकालगत हा त्रास नसतो. पण मग थांब्यापर्यंत पोहोचायला प्रवाशाला निम्मा रस्ता ओलांडावा लागतो. म्हणून झेब्रा पट्टे आणि पादचाऱ्यांचा सिग्नल हे बससेवेचेच भाग धरायला हवेत. ते नसतील तर म्हातारी माणसं बसने जाणं सोडतात, आणि त्यात त्यांची काहीही चूक नाही.

आता चौक. बस मधून सरळ जाते. तिच्या डावीकडची मोटार उजवीकडे वळू लागली की बसच्या आडवी येते. दोघींना एकाच वेळी हिरवा देता येत नाही. उजव्या वळणाला स्वतंत्र पाळी द्यावी लागते आणि पाळ्या वाढल्या की सिग्नलचं चक्र लांबतं. हिशेब करून पाहा. चक्र १६० सेकंदांचं आणि त्यात बसला हिरवा ४० सेकंद असेल, तर कोणत्याही क्षणी येणारी बस सरासरी ४५ सेकंद थांबते. चक्र ९० सेकंदांचं आणि हिरवा ४५ असेल, तर हीच सरासरी साधारण ११ सेकंदांवर येते. असे दहा चौक असतील तर फरक साडेपाच मिनिटांचा.

म्हणून आजूबाजूला रस्ते असतील तिथे मोठ्या चौकातलं उजवं वळण बंद करावं. मोटारीने चौक ओलांडून तीनदा डावीकडे वळत यावं. तिला वळसा पडतो, पण सरळ जाणाऱ्या मोटारींचाही लाल दिवा त्यामुळे आखूड होतो.

थांब्याची जागाही महत्त्वाची. सिग्नलच्या अलीकडे थांबा असला, की हिरवा असताना माणसं चढत राहतात आणि बस निघेपर्यंत लाल लागतो. थांबा चौकापलीकडे, दोन-तीन बस मावतील एवढा लांब हवा. नाहीतर मागच्या बसची शेपटी चौकातच अडकते. दिल्लीत आंबेडकरनगर–मूलचंद मार्गावर २००८मध्ये सुरू झालेल्या बीआरटीत थांबे चौकांच्या अलीकडे होते, सिग्नलची चक्रंही लांबलचक. मोटारींच्या रांगा वाढल्या, ओरड झाली आणि २०१६मध्ये ती मार्गिका उखडली गेली. अहमदाबादने २००९मध्ये फलाट बसच्या तळाच्या पातळीवर आणले, तिकीट थांब्यावरच ठेवलं. त्यामुळे दाराशी जाणारा वेळ वाचला.

मार्गिका रिकामी दिसते, ही तक्रार मात्र डोळ्यांना फसवणारी आहे. दर दोन मिनिटांनी ६० प्रवाशांची बस गेली, तर तासाला १,८०० माणसं जातात, आणि मधल्या वेळात मार्गिका मोकळीच दिसते. शेजारच्या मार्गिकेला निम्मा वेळ हिरवा मिळाला, तर तासाला साधारण ९०० मोटारी सुटतात. मोटारीत सरासरी दीड माणूस धरलं, तर १,३५० माणसं जातात, आणि ती मार्गिका दिवसभर तुडुंब भरलेली दिसते.