मेंदूची तालीम आणि कमरेचा पेजर

डोक्याला मार लागलेला माणूस घरी परतला, की कुणीतरी त्याच्या मोबाइलवर मेंदूच्या व्यायामाचं अ‍ॅप टाकून देतं. चौकटी लक्षात ठेवा, जोड्या लावा. गुण वाढतात, घरचे सुखावतात. आणि हा गॅसवर दूध ठेवून विसरायचा तो विसरतोच.

वाढलेले गुण खोटे नसतात. तो खेळ जमू लागलेला असतो, इतकंच. मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांनी ११,४३० धडधाकट लोकांना सहा आठवडे असे खेळ देऊन पाहिले (२०१०). खेळात सगळे सुधारले, पण सराव न केलेल्या, अगदी मिळत्याजुळत्या चाचण्यांतही त्याचा उपयोग दिसला नाही. मेंदूच्या इजेवरही फायद्याची जाहिरात करणाऱ्या ‘ल्युमॉसिटी’ या अ‍ॅपच्या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाशी २० लाख डॉलरवर तडजोड करावी लागली. स्वस्तात सुटले म्हणायचे.

खरी गोम सोव्हिएत मेंदूतज्ज्ञ अलेक्झांडर लुरिया यांना दुसऱ्या महायुद्धातच उमगली होती. झासेत्स्की हा त्यांचा सैनिक रुग्ण. १९४३ मध्ये स्मोलेन्स्कजवळ गोळी डोक्याच्या डाव्या बाजूला मागे घुसली आणि त्याची अक्षरओळखच पुसली गेली. एकेक अक्षर आठवून लिहिताना तो रडकुंडीला येई. एके दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, अक्षरं शोधू नकोस, हात न उचलता शब्द सरळ लिहून टाक. त्यानं ‘रक्त’ हा शब्द लिहिला. बरोबर लिहिला, पण स्वतःला वाचता येईना! अक्षराचं रूप ओळखणारा भाग निकामी झाला होता, हाताचं वळण सांभाळणारा शाबूत होता. पूल वाहून गेला तर एसटी लांबून जाते, तसंच हे. पुढची पंचवीस वर्षं या गड्यानं सुमारे तीन हजार पानं लिहिली.

मोडलेलं घासत बसण्यापेक्षा शाबूत राहिलेल्याकडून काम करून घ्यायचं, हा विचार पुढे कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअर बापानं आपल्या जखमी मुलासाठी फार साधेपणानं राबवला: कमरेला पेजर. तो वाजला, की त्यावर संदेश: ‘गोळी घे’. ब्रिटनमध्ये मानसतज्ज्ञ बार्बरा विल्सन यांनी १४३ जणांवर त्याची चाचणी घेतली. चाचणी पुरी करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांची रोजची कामं लक्षणीयरीत्या सुधारली. मला सगळ्यात आवडलेला निष्कर्ष वेगळाच आहे: पेजर परत केल्यावर सात आठवड्यांनीही त्यांतल्या बहुतेकांची सुधारणा टिकून होती. रोज वेळेवर गोळी घेण्याचीच बहुधा सवय झाली असावी.