घराबरोबर येणारा बंद गीझर

जुनी सदनिका घेणारा कारकून भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढतो, कर्ज उचलतो आणि मनाशी हिशेब करतो की, निदान गीझर व पंखे तरी आता घ्यावे लागणार नाहीत. करारात ‘फिटिंगसह’ असा एकच मोघम शब्द असतो. ताबा मिळाल्यावर पहिल्याच सकाळी पाणी तापत नाही. विकणारा म्हणतो, ‘तुम्ही पाहूनच घेतलेत ना?’ पाहिले होते खरे. पण भिंतीवरचा गीझर नुसता पाहून काय कळणार?

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने, गीझर ठाऊक नसतानाही, या प्रश्नाचा विचार केला आहे. वेगळे ठरले नसेल तर कुलपे, किल्ल्या, दारे, खिडक्या आणि कायमच्या वापरासाठी केलेल्या इतर वस्तू घराबरोबरच जातात, असे कलम ८ सांगते. स्वतःस ठाऊक असलेला, पण खरेदीदारास साधारण दक्षतेने न आढळणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड केलाच पाहिजे, असे कलम ५५ बजावते. तो न सांगणे ही फसवणूक. परंतु लाखांच्या व्यवहारात एक गीझर ‘महत्त्वाचा’ ठरेल काय? बहुधा नाही. शिवाय बटण दाबून पाहणे ही साधारण दक्षताच, असेही उत्तर मिळेल.

म्हणून करारालाच वस्तूंची यादी जोडावी आणि प्रत्येकीपुढे चालू की बंद ते लिहावे. बंद वस्तू विक्रेत्याने दुरुस्त करावी, किमतीत सूट द्यावी किंवा करारापूर्वीच काढून न्यावी. करारानंतर ती बिघडली, तर सामान्य शहाण्या मालकाइतकी काळजी घेण्याचे बंधन ताबा देईपर्यंत विक्रेत्यावर असते. तेव्हा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी बटण पुन्हा एकदा दाबून पाहावे.