सशाच्या आतड्यातला पुरावा

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यात कॉलऱ्याचा जंतू वेगळा केला. पण तो जीव नेमका कसा घेतो, हे कोडं पुढची पंचाहत्तर वर्षं सुटलं नाही. त्याच शहरात डॉ. शंभूनाथ डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि जंतू वाढवून मग गाळून काढलेला, जंतुविरहित द्रव त्यात टोचला. तुकडा पाण्याने टम्म फुगला. म्हणजे मारक होतं ते जंतूने सोडलेलं विष! त्यामुळेच आतड्याच्या पेशी क्षार आणि पाणी बाहेर टाकत राहतात, रुग्ण काही तासांत शुष्क होतो. १९५९मध्ये हे संशोधन ‘नेचर’मध्ये आलं. इतक्या साध्या साधनांनी इतकं निर्णायक उत्तर क्वचितच मिळतं. नोबेलविजेते शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. ते मिळायलाच हवं होतं.