व्याख्यानांच्या वह्यांतून घडलेली गणितशाळा

१९५५ साली लॉराँ श्वार्त्झ यांनी मुंबईत व्याख्यानमाला दिली. पाचच वर्षांपूर्वी त्यांना फील्ड्स पदक मिळाले होते. गणितात त्याहून मोठा मान नाही. विषय होता कॉम्प्लेक्स ॲनालिटिक मॅनिफोल्ड्सचा, आणि भारतात तो शिकवणारे तेव्हा शोधूनही सापडले नसते. या व्याख्यानांच्या नोट्स पुढे पुस्तकरूपाने निघाल्या. त्या लिहिणाऱ्याचे नाव एम. एस. नरसिंहन. वय विशी ओलांडून थोडेच पुढे गेलेले, संस्थेत येऊन दोनेक वर्षे झालेली, पीएच.डी. अजून लांब.

ही संस्था म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, मुंबईकरांची टीआयएफआर. होमी भाभांनी ती १९४५मध्ये काढली. बंगळूर, मग पेडर रोडवरचे केनिलवर्थ, मग गेटवेजवळचा जुना यॉट क्लब असा मुक्काम हलवत ती १९६२ साली कुलाब्याच्या टोकाला, समुद्राकाठच्या आजच्या इमारतीत स्थिरावली. भाभा भौतिकशास्त्रज्ञ आणि पुढे अणुऊर्जेचे सर्वेसर्वा, त्यामुळे संस्थेचे नाव निघाले की लोकांच्या डोळ्यांपुढे वैश्विक किरण आणि अणुभट्ट्या येतात. पण जगभरच्या गणितज्ञांना ती ओळखीची झाली ती तिथल्या गणित विभागामुळे, आणि तो विभाग घडला त्यात व्याख्यानांच्या अशा वह्यांचा वाटा फार मोठा आहे.

पहिल्या काळात गणिताची बाजू दामोदर धर्मानंद कोसंबी सांभाळत होते. गोव्यात जन्मलेला, पुण्यात राहणारा, डेक्कन क्वीनने ये-जा करणारा हा माणूस एका चौकटीत बसणारा नव्हताच. इतिहास, नाणी, संस्कृत सुभाषिते, सगळीकडे त्याची नजर. पद्धतशीर शाळा उभी केली ती मात्र १९४९मध्ये प्रिन्स्टनहून आलेल्या के. चंद्रशेखरन यांनी. दोन वर्षांनी के. जी. रामनाथन त्यांना येऊन मिळाले. दोघांनी हेरले ते असे: हुशार मुले आपल्याकडे आहेत, नवे गणित शिकवणारे नाहीत. मग शिकवणारे बाहेरून आणायचे, आणि मुलांना त्यांच्यासमोर बसवायचे.

पाहुणा काही आठवडे किंवा महिने राहून शिकवी. एखाद-दोन संशोधक विद्यार्थ्यांवर नोट्सची जबाबदारी पडे. फळ्यावरचे उतरवून काढणे हा कामाचा सोपा भाग. मोठा गणितज्ञ बोलताना तीन पायऱ्या गाळून चौथीवर उभा राहतो. त्या तीन पायऱ्या रात्री बसून आपल्या आपण बांधाव्या लागत. सिद्धतेत भोक असले तर ते बुजवायचे, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाहुण्यालाच गाठायचे. मग मजकूर टंकलिखित होई, त्याच्या सायक्लोस्टाइल प्रती निघत आणि जगभरच्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जात. गाण्याच्या घराण्यात शिष्य गुरूमागे तंबोरा घेऊन बसतो, मध्येच एखादी जागा त्याला भरावी लागते, आणि चुकला तर सगळ्या मैफलीला कळते. इथली तालीम तशीच होती. फरक इतकाच की इथे चूक छापली जाई.

कार्ल लुडविग झीगेल यांच्या वर्गाची वही रामनाथन यांनी स्वतः लिहिली, कोझूल यांची एस. रमणन यांनी. सगळ्यांत लखलखीत उदाहरण सी. पी. रामानुजम यांचे. रशियाचे शाफारेविच येऊन गेले, त्यांच्या व्याख्यानांच्या नोट्स रामानुजम यांनी केल्या. त्यात त्यांनी चुका दुरुस्त केल्या आणि नुसत्या उल्लेखलेल्या अनेक निष्कर्षांच्या सिद्धता पूर्ण करून टाकल्या. शाफारेविचनी हे मोकळेपणाने मान्य केले. डेव्हिड मम्फर्ड यांचा ‘ॲबेलियन व्हरायटीज’ हा ग्रंथ आजही त्या विषयाचा आधार मानला जातो. तोही १९६७-६८च्या मुंबईतल्या व्याख्यानांतून उभा राहिला, आणि त्यालाही रामानुजम यांचा हात लागलेला आहे. आजाराने ग्रासलेला हा गणितज्ञ १९७४मध्ये, चाळिशीही न गाठता गेला.

वह्या लिहिणारे पुढे काय करतात, हा खरा प्रश्न. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री मद्रासच्या लोयोला कॉलेजातून, फादर रासीन या फ्रेंच जेझुइट शिक्षकाच्या हाताखालून, १९५३मध्ये एकदमच मुंबईत आले. १९६५ साली दोघांनी मिळून सिद्ध केलेले प्रमेय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ढोबळमानाने सांगायचे तर रीमान पृष्ठभागावर रचलेली ‘स्थिर’ वेक्टर बंडल्स ही बीजगणिताची बाब, आणि त्या पृष्ठभागावरच्या बंद वाटांना युनिटरी मॅट्रिक्स जोडून देण्याच्या रीती ही टोपॉलॉजीची. या दोघांनी दाखवले की एका यादीतून दुसरी मिळते. १९८३मध्ये डोनाल्डसन यांनी त्याची वेगळी सिद्धता दिली आणि पुढे ते प्रमेय भौतिकशास्त्रज्ञांच्याही कामी आले. मध्य प्रदेशातल्या गुण्याहून आलेले विजयकुमार पटोदी हे पुढच्या पिढीचे. अतिया आणि सिंगर यांच्या जोडीने त्यांचे नाव गणितात कायम झाले. मूत्रपिंडाच्या विकाराने १९७६मध्ये ते गेले तेव्हा वय ३१ होते.

आता एक तक्रार. इतकी वर्षे या मुलांना पीएच.डी. मिळे ती मुंबई विद्यापीठाची. संस्थेला स्वतःची पदवी देता येऊ लागली ती २००२ नंतर, अभिमत विद्यापीठ झाल्यावर. पण पदवी विद्यापीठाची असली तरी शिक्षण कुलाब्यातच. देशातले उत्तम गणितज्ञ बी.एस्सी.च्या वर्गापासून दूर राहिले. संशोधनाला निवांतपणा हवा हे भाभांचे म्हणणे बरोबर होते आणि त्याची फळे वर आलीच आहेत. तरी त्याची किंमत विद्यापीठांनी मोजली, असे माझे मत आहे. मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. करून इथे आलेले, एकजिनसी अवकाशांवरच्या प्रवाहांच्या गणितात नाव कमावलेले श्रीकृष्ण दाणी पुढे विद्यापीठाच्या कलिना आवारातल्या मूलभूत विज्ञान केंद्रात शिकवायला गेले. अणुऊर्जा विभाग आणि मुंबई विद्यापीठाने हे केंद्र २००७मध्ये मिळून काढले. संशोधन आणि अध्यापन जोडणारा हा पूल पन्नास वर्षे आधी बांधायला हवा होता.

आज टीआयएफआरमध्ये प्रवेशासाठी देशभर लेखी परीक्षा होते, मग मुलाखत. एम.एस्सी. झालेल्यांना पीएच.डी.ला, तर बी.एस्सी. किंवा बी.टेक. झालेल्यांना एकात्मिक पीएच.डी.ला बसता येते. सुरुवातीचा काळ बीजगणित, विश्लेषण आणि टोपॉलॉजीच्या कोर्समध्ये जातो, मग गाइड, मग अनेक वर्षे एकच प्रश्न. सहा-सहा महिने काहीही न सुटणे हे इथे अपयश समजत नाहीत. घरच्यांना हे मात्र विद्यार्थ्याला स्वतःलाच समजावून सांगावे लागते.

त्या जुन्या वह्या नव्याने अक्षरजुळणी होऊन संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवल्या आहेत. बहुतेक अवघड आहेत, हे आधीच सांगतो. पण त्यांच्या शेजारी नवशिक्यांसाठी काढलेल्या छोट्या पुस्तिकाही आहेत. १९६५ची ‘गॅल्वा थिअरी’ ही त्यांतली एक, आणि तिच्या लेखकांत रामनाथन व शेषाद्री दोघेही आहेत. सातारा, लातूर किंवा म्हापशाच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला गणित शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी ती एकदा वर्गात काढावी, चार मुलांना एकेक प्रकरण वाटून द्यावे आणि फळ्यापाशी त्यांना उभे करून आपण मागच्या बाकावर बसावे.