जमिनीखालचे ०.३ व्होल्ट

एलएम३९३ ही आठ पायांची, नखाएवढी कम्पॅरेटर आयसी. तिचं काम एकच: दोन इनपुटांपैकी कुठलं व्होल्टेज मोठं ते सांगायचं. ब्रेडबोर्डवर तिला ५ व्होल्टचा सप्लाय द्या, प्लस इनपुट अडीच व्होल्टवर ठेवा आणि मायनस इनपुट हळूहळू चढवा. अडीच ओलांडताच आउटपुट खाली येतं, सप्लाय आणि आउटपुट यांच्यामध्ये जोडलेला एलईडी लागतो. तसंच चढवत राहा. ५ झाले, ९ झाले, १२ झाले. सप्लायच्या दुपटीहून जास्त, तरी एलईडी लागलेलाच! डेटाशीट ३६ व्होल्टपर्यंत मुभा देते, सप्लाय कितीही असो. अट एवढीच, की दुसरं इनपुट सप्लायपेक्षा निदान दीड व्होल्ट खाली हवं.

हा दीड व्होल्ट जातो कुठे? आत एकामागे एक दोन पीएनपी ट्रान्झिस्टर आहेत. प्रत्येकाला चालू राहायला सुमारे ०.६ व्होल्ट लागतात, उरलेले त्यांना करंट पुरवणाऱ्याला. थंडीत ट्रान्झिस्टरची मागणी वाढते, म्हणून सगळ्या तापमानांसाठी २ व्होल्ट सोडायचे.

वर एवढी मोकळीक, आणि खाली? शून्यापर्यंत ही आयसी चोख चालते, पण उणे ०.३ च्या खाली उतरायचं नाही. कारण तिच्या मातीतच आहे. चिपची जमीन पी-प्रकारच्या सिलिकॉनची, तिच्यात एन-प्रकारचे तुकडे शेतांसारखे आखलेले. इनपुट ट्रान्झिस्टरचा बेस हा असाच एक तुकडा. या शेतांना माती-दगडाचे बांध नाहीत. जमीन ग्राउंडला, म्हणजे सगळ्यांत खालच्या व्होल्टेजला बांधलेली असते, त्यामुळे जमीन आणि तुकडा यांच्यातलं जंक्शन उलटं राहतं. करंट अडतो तो एवढ्यानेच.

इनपुट जमिनीच्याही खाली गेलं की ते जंक्शन सुलटं होतं, बांध फुटतो. इलेक्ट्रॉन जमिनीत उतरतात आणि शेजारच्या शेतांत शिरतात. म्हणजे कुठल्याही आराखड्यात न काढलेला एक ट्रान्झिस्टर तिथे उभा राहतो! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते पान पुन्हा पुन्हा वाचत बसलो. चिप जळलेली नसते, पण उत्तर उलटं देऊ शकते.

ट्रान्सफॉर्मरची ५० हर्ट्झची लाट थेट जोडली, तर ही वेळ सेकंदाला ५० वेळा येते. म्हणून वाटेत दहा किलोओहमचा रेझिस्टर घालायचा आणि इनपुटपासून ग्राउंडला एक शॉट्की डायोड लावायचा. मग स्कोपवर दिसतं: लाट शून्याखाली जेमतेम पाव व्होल्ट उतरते आणि तिथेच सपाट होते.