नौकावाहू गाडीसाठी जॅकची निवड

२३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडून नागपुरात पूर आला, तेव्हा सुटकेसाठी नौकांचे साह्य घ्यावे लागले. नौका गाडीमागे जोडलेल्या चाकांच्या सांगाड्यावरून नेतात. वाटेत टायर फुटल्यास होणारा विलंब जिवावर बेतू शकतो. जॅक निवडताना केवळ भारक्षमता पाहून भागत नाही. टायर बसल्यावर आस खाली येतो. त्याखाली शिरेल इतका जॅक बुटका, तरी हवा भरलेले चाक चढेल इतकी उंची देणारा असावा. शिवाय विदर्भातील काळी माती भिजताच मऊ होते. समजा, ५०० किलो भार जॅकच्या १०० चौरस सेंटिमीटर तळावर आला, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो पडतो. खाली ९०० चौरस सेंटिमीटरची जाड फळी ठेवल्यास तो सुमारे ०.५६ किलोवर येतो. म्हणून फळी ही जॅकचेच अंग मानली पाहिजे.