हमरापूर फाट्यावरची पहिली दहा मिनिटं

श्रावण तोंडावर आला की पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे, तांबडशेत या गावांतून गणपतीच्या मूर्तींचे टेम्पो रात्रंदिवस सुटायला लागतात. मूर्ती कुठे धरायची, कुठे हात लावायचा नाही, टेम्पोत कशी टेकवायची, हे इथल्या शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. याच दिवसांत चाकरमान्यांच्या गाड्या कोकणात उतरत असतात, वर पाऊस कोसळत असतो, आणि खाली मुंबई-गोवा महामार्ग असतो. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं, आणि पुढची कित्येक वर्षं खड्डे, वळणरस्ते, अर्धवट पूल हेच इथल्या प्रवाशांच्या वाट्याला आलं.

या रस्त्यावर अपघात झाला की पहिला धावतो तो कारखान्यातला कारागीर, टपरीवाला, नाहीतर मागच्या टेम्पोचा चालक. आपल्याकडे माणसं मदतीला कमी पडत नाहीत. कमी पडतं ते शिक्षण. मूर्तीला तडा जाऊ नये म्हणून जपणारे हेच हात जखमीला मात्र बखोटीला आणि पायांना धरून उचलतात, रिक्षाच्या मागच्या सीटवर दुमडून बसवतात आणि तोंडाला पाण्याची बाटली लावतात. तिन्ही गोष्टी मनापासून केलेल्या असतात आणि तिन्ही घातक ठरू शकतात. मोडलेला मणका वेड्यावाकड्या उचलण्याने मज्जारज्जूला इजा करतो. बेशुद्ध माणसाची मान छातीवर पडली की श्वासनलिका बंद होते. आणि अर्धवट शुद्धीत पाजलेलं पाणी फुप्फुसात जातं.

गंभीर जखमीला तासाभरात योग्य उपचार मिळाले तर तो जगण्याची शक्यता वाढते, हा ‘गोल्डन अवर’चा विचार बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक आर. ॲडम्स काउली यांनी रुजवला. आपल्या मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने तो व्याख्येसह आला. पण मांडीची धमनी फाटलेल्याकडे तासभर नसतो. त्याच्याकडे काही मिनिटंच असतात. जगभर शिकवला जाणारा तपासणीचा क्रम पूर्वी श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण असा होता. इराक-अफगाणिस्तानातल्या युद्धांचा अनुभव जमेस धरून त्याच्याही आधी एक पायरी आली: डोळ्यांना दिसणारा जोराचा रक्तस्राव आधी थांबवा.

तो थांबवायचा कसा, हे नीट सांगायला हवं, कारण इथेच जीव वाचतात. समजा, फाट्यावर दुचाकीस्वार टेम्पोखाली आलाय आणि त्याच्या पँटमधून रक्त उसळतंय. आधी मागची वाहनं थांबवायला कुणाला तरी उभं करा, नाहीतर मदत करणाराच चिरडला जातो. हातात प्लास्टिकची पिशवी घाला. पँट फाडून जखम उघडी करा, कारण कापडावरून दाबल्याने नेमकी जागा सापडत नाही. मग ओढणी, पंचा, जे स्वच्छ असेल ते थेट जखमेवर ठेवून कोपर ताठ करून अंगाच्या भाराने दाबा. खोल जखमेत कापड बोटाने आत भरून वरून दाबावं लागतं. दर मिनिटाला उचलून ‘थांबलं का’ बघायचं नाही, कारण नुकती धरलेली गुठळी त्याने सुटते. कापड भिजलं तर दाब कमी पडतोय किंवा जागा चुकली आहे असं समजा, आणि जागा हेरून पुन्हा जोर लावा. हळद, चुना, कॉफीची पूड यांतलं काहीही नको.

हातापायाचं रक्त दाबूनही थांबेना तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा सोडून, रुंद पट्टा बांधून मध्ये काठी घालून पिळायचा. याला टूर्निके म्हणतात. सुतळी किंवा वायर चालत नाही, ती कातडीत रुतते आणि धमनी बंद होत नाही. रक्त थांबेपर्यंत पिळायचं, मग जखमी वेदनेने ओरडला तरी. बांधल्याची वेळ कपाळावर किंवा हातावर पेनाने लिहायची आणि इस्पितळात पोहोचेपर्यंत सोडायचं नाही. ‘पाय जाईल’ ही भीती खरी आहे, पण दोनेक तासांपर्यंत तो धोका थोडा असतो, आणि तिथे पणाला लागलेला असतो जीव.

न दिसणारं रक्त जास्त फसवं. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असतं. मांडीचं हाड मोडलं तर लिटर-दीड लिटर आतल्या आत साचतं, आणि कंबरेच्या हाडांचं कडं मोडलं तर त्याहून जास्त. तरुण शरीर बराच वेळ रक्तदाब टिकवून धरतं आणि मग एकदम कोसळतं. म्हणून ‘नुसता मुका मार आहे, बोलतोय की’ या वाक्यावर माझा अजिबात विश्वास नाही. थंड घामेजलेले तळहात, भरभर चालणारी नाडी, कारण नसताना चाललेली तगमग आणि सारखी पाण्याची मागणी, ही आत रक्त वाहत असल्याची चिन्हं आहेत. पावसात भिजलेल्या जखमीला कोरडं पांघरूण घालणं हा तर उपचारच आहे, कारण अंग गार पडलं की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. मूर्ती गुंडाळायचं प्लास्टिकही अंगाखाली-अंगावर घातलं तर उपयोगी पडतं.

घशात घरघर येत असेल तर तोंडात रक्त किंवा उलटी आहे. डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून दोघातिघांनी मिळून कुशीवर वळवायचं. मणक्याची काळजी घ्यायचीच, पण श्वास अडला असेल तर श्वास आधी. हेल्मेट श्वासाच्या आड येत नसेल तर ते काढू नये. गाडीला आग लागण्याचा धोका नसेल तर आत अडकलेल्याला ओढून काढू नये.

हे चालू असतानाच एकाने १०८ ला फोन लावायचा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, आणि तिचं वैशिष्ट्य म्हणजे गाडीत डॉक्टर असतो. फोनवर ‘हमरापूरजवळ’ एवढं पुरत नाही. फाटा की रेल्वे स्टेशनचा रस्ता, मुंबईकडची बाजू की गोव्याकडची, जखमी किती, कुणी अडकलंय का, हे सांगावं. रुग्णवाहिकेतला डॉक्टर प्राणवायू देतो, मान आणि मोडलेली हाडं स्थिर करतो, शिरेत सुई लावून ठेवतो. ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्तातलं औषध तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात, हे ४० देशांतल्या वीस हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात दिसलं. त्या देशांत भारतही होता. मात्र पोटातला रक्तस्राव रस्त्यावर थांबत नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते. म्हणून अशा जखमीपाशी दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नये, असा जाणकारांचा दंडक आहे. पेणचं उपजिल्हा रुग्णालय जवळचं, पण डोक्याला गंभीर मार असेल तर पनवेल-कामोठ्याच्या बाजूला न्यावं का, हा निर्णय त्या डॉक्टरवर सोडावा. नातेवाइकांच्या आरडाओरड्यात तो होऊ नये.

पोलिसांच्या झंझटीची भीती आता बाळगायचं कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदतकर्त्यांना संरक्षण दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १३४-अ ने ते कायद्यात आलं. चांगल्या हेतूने केलेल्या मदतीत काही उणं राहिलं तरी त्याबद्दल खटला होत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोकडरहित उपचाराची केंद्राची योजनाही आहे. खिशात पैसे नाहीत म्हणून जखमीला घरी नेऊ नका.

घाटाखाली खोपोलीत ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ या नावाने स्वयंसेवक वर्षानुवर्षं हेच काम करताहेत. हमरापूर-जोह्याला ते अवघड नाही. गणपती गेले की कारखान्यांत थोडी उसंत असते. तेव्हा पेणच्या डॉक्टरांना बोलावून एका दुपारी दाबायला, पिळायला आणि एका रेषेत वळवायला शिकून घ्यावं. फाट्यावरच्या दोन-तीन दुकानांत एकेक डबा ठेवावा: हातमोजे, स्वच्छ कापडाच्या गुंडाळ्या, एक टूर्निके, कात्री, कोरडी चादर, विजेरी आणि वेळ लिहायला पेन. डबा कुठे आहे हे रात्री उशिरा निघणाऱ्या टेम्पोचालकांनाही माहीत असावं.